सही-शिक्क्याविना

पवनारला धाम नदीच्या पुलावर मे महिन्यात उभं राहिलं की नदीपेक्षा तिचे खडकच जास्त दिसतात. काळे, पाण्याने घासून गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्या बेचक्यांतून कुठे कुठे बोटभर धार सरकत असते. १२ फेब्रुवारीला इथे मेळा भरतो. १९४८ साली त्या दिवशी गांधीजींच्या अस्थी या पात्रात सोडल्या होत्या. एरवी सगळं निवांत. काठच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम, आणि आश्रमात राम-भरताच्या भेटीचं एक जुनं शिल्प. इथली जमीन खणताना ते विनोबांच्या हाती लागलं. दोन भाऊ, मधे राज्याचा आणि वनवासाचा तिढा, आणि तरीही झालेली ती भेट. त्या झिजलेल्या दगडासमोर उभी असताना माझ्या मनात आला तो १९६४चा मे महिना, आणि असल्याच रणरणत्या उन्हात वर्ध्याला येऊन गेलेला एक काश्मिरी माणूस. सहा फुटांहून उंच, साठीला टेकलेला, नुकताच तुरुंगातून सुटलेला. शेख मोहम्मद अब्दुल्ला.

दिवसांचा योगही असा की शेख तुरुंगातून सुटले आणि विनोबा पवनारला परतले ते एकाच आठवड्यात. शेख अब्दुल्ला ८ एप्रिलला जम्मूच्या तुरुंगातून बाहेर आले. १० एप्रिलला विनोबा वर्षानुवर्षांची पदयात्रा संपवून पवनारला पोचले. त्या पदयात्रेत १९५९ साली ते काश्मीरमध्येही पायी हिंडले होते. पीर पंजाल ओलांडून खोऱ्यात उतरले होते. तेव्हा त्या खोऱ्याचा सगळ्यात मोठा नेता मात्र गजाआड होता. १९६२मध्ये विनोबा पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले. अरबी शिकून कुराण वाचलेला हा ब्राह्मण संन्यासी आणि सुरेल आवाजात कुराण म्हणून हजारोंची सभा जिंकणारा तो राजकारणी, यांची गाठ पडायचीच होती. शेखसाहेब तिथून पुढे मद्रासला राजाजींकडे निघाले होते. विनोबांशी अध्यात्म बोलेन आणि राजाजींशी व्यवहारातलं राजकारण, असं ते एका पत्रकाराला गमतीने म्हणाले.

ती गंमत मला फार आवडते. तिच्यात त्या माणसाची त्या वेळची सगळी परिस्थिती आहे. त्यांच्याकडे पद नव्हतं. संसदेत आसन नव्हतं. सरकारी कागद म्हणावा असा एकही हातात नव्हता. पाकिस्तानच्या अध्यक्षांशी जाऊन बोलायचं, तेही काश्मीरवर, तेही दोन्हीकडची सैन्यं शस्त्रबंदी रेषेवर एकमेकांकडे डोळे लावून बसलेली असताना; आणि गाठीला काय, तर काही माणसांचा विश्वास. तो विश्वास ते गावोगाव जाऊन गोळा करत होते. वर्धा, मद्रास, दिल्ली.

हाच माणूस एकेकाळी जम्मू-काश्मीरचा पंतप्रधान होता. तेव्हा तिथल्या पदाला तसंच म्हणत. ऑक्टोबर १९४७मध्ये मुझफ्फराबादच्या वाटेने टोळीवाले बारामुल्लापर्यंत आले, तेव्हा श्रीनगरच्या गल्ल्यांमधून लोकांची पथकं उभी करणारे हेच. १९४८च्या फेब्रुवारीत सुरक्षा परिषदेत भारताच्या वतीने पाकिस्तानविरुद्ध बोलले तेही हेच. आणि ऑगस्ट १९५३मध्ये त्यांना बरखास्त करून गुलमर्गला पहाटे अटक झाली, ती नेहरू पंतप्रधान असताना. १९५८मधले मोजके महिने सोडले तर पुढची जवळजवळ ११ वर्षं कैदेत गेली. त्यांच्यावरचा कटाचा खटला चालू राहिला, लांबत राहिला. मग डिसेंबर १९६३च्या अखेरीस हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष नाहीसा झाला आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत अख्खं खोरं रस्त्यावर आलं. अवशेष काही दिवसांत परत मिळाला. पण सत्तेवर बसवलेल्या माणसांचा लोकांशी काही संबंधच उरलेला नाही, हे दिल्लीला त्या गर्दीत लख्ख दिसलं. जानेवारीत भुवनेश्वरला नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला. आपल्या हातून बिघडलेलं एक काम हाताशी आहे आणि दिवस थोडे आहेत, हे त्या थकलेल्या माणसाला कळलं असणार, असं मला वाटतं. खटला मागे घेतला गेला.

२९ एप्रिलला शेख अब्दुल्ला दिल्लीला पालम विमानतळावर उतरले. तिथून ते थेट तीन मूर्ती भवनात, पंतप्रधानांच्या घरी गेले; तिथे दोघे ११ वर्षांनी समोरासमोर आले आणि त्यांनी एकमेकांना मिठी मारली. ज्याच्या राजवटीने कैदेत टाकलं त्याच्याच घरचा पाहुणचार. मी या प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा थांबते. आपण राजकारणातल्या क्षमेला पटकन भोळेपणा म्हणून मोकळे होतो. पण ११ वर्षं ज्याची गेली, त्याने या घरात एक शब्दही कडू न बोलता राहायचं, आणि ज्याने ती वर्षं घालवली त्याने त्याच्याच शब्दावर आपल्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम सोपवायचं, याला भोळेपणा म्हणवत नाही. दोघांनीही आपला अभिमान मोडून ठेवला होता.

बाहेर मात्र गदारोळ होता. जनसंघाने दिल्लीत मोर्चा काढला. जयप्रकाशांनी ही संधी दवडू नका असा लेख लिहिला, तर काँग्रेसच्याच २७ खासदारांनी पत्रक काढलं: मुंबईबद्दल किंवा बिहारबद्दल जशी स्वयंनिर्णयाची भाषा करता येत नाही, तशी काश्मीरबद्दलही करता येणार नाही. आणि या गदारोळात नेहरूंच्या मागे उभं कोण राहिलं, तर राजाजी, ज्यांनी १९५९मध्ये नेहरूंच्या धोरणांना विरोध म्हणूनच स्वतंत्र पक्ष काढला होता. त्याच पक्षाचे मुंबईचे मिनू मसानीही याच बाजूचे. मद्रासला राजाजी आणि शेख तीन तासांहून अधिक वेळ बोलत बसले. नेहरूंच्या आर्थिक धोरणावर रोज कोरडे ओढणारा तो म्हातारा या एका गोष्टीत मनापासून त्यांच्या बाजूला होता, त्यांच्या यशासाठी झटत होता. विरोधी पक्षात असणं म्हणजे काय, याचा मला शाळेत शिकवलेला अर्थ फार पातळ होता. हा अर्थ घट्ट आहे.

आमच्याकडे खेड्यांत बांधावरून वैर धरलेली दोन घरं असतात. बांध हातभर सरकलेला असतो, की सरकलेला नसतोच, आता ते कुणाला सांगता येत नाही. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयताला मात्र लांब उभे राहतात. पण दोन्ही घरांत जाऊ शकणारं एखादं माणूस असतं, बहुधा म्हातारं, दोन्हीकडच्या लेकरांना अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्याला दोन्ही घरी चहा मिळतो. तो बसला की या घरचे त्याच्या तोंडाकडे बघतात, त्या घरी काय बोलून आलास म्हणून; आणि तो उठला की मागे कुजबुज होते, हा नक्की कुणाचा? दोन्ही घरं त्याला मनातलं अर्धंच सांगतात. तरीही ज्या दिवशी तो यायचा बंद होतो, त्या दिवसापासून कोर्टाच्या तारखांशिवाय त्या दोन घरांत काही उरत नाही.

शेख अब्दुल्ला २४ मे रोजी रावळपिंडीला उतरले ते या भूमिकेत. सोबत जुने सहकारी मिर्झा अफझल बेग. स्वागताला लोक लोटले. पण पाहुणा जे बोलला ते सगळ्यांना रुचलं नाही. भारताच्या धर्मनिरपेक्षतेबद्दल त्यांनी काढलेले चांगले उद्गार ‘डॉन’ या वर्तमानपत्राला खुपले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. समोरच्या घरी जाऊन समोरच्याला गोड वाटेल तेवढंच बोलणं सोपं असतं. भारताच्या कैदेतून सुटून महिना-दीड महिना झालेला माणूस पाकिस्तानात उभा राहून भारताची चांगली बाजू सांगतो, तेव्हा त्याचं वजन अयूब खानांनाही जाणवलं असेल.

आता त्या खोलीत कोण बसलं होतं ते पाहा. एकीकडे फील्ड मार्शल अयूब खान, सँडहर्स्टला शिकलेले, सैन्याच्या बळावर १९५८पासून देश चालवणारे. ज्या गावात ही भेट झाली, तिथेच त्यांच्या सैन्याचं मुख्यालय. दुसरीकडे काश्मीरचा शाळामास्तर, अलीगढचा एम.एस्सी., ज्याच्याकडे एक शिपाईसुद्धा नव्हता. एकाला शब्द मोडला तर दुसऱ्यावर रणगाडे धाडता येतात. दुसऱ्याला फारतर परत जाऊन सांगता येतं, जमलं नाही. दोघे २५ तारखेला काही तास बोलले, २६ला पुन्हा काही तास. देशाची सुरक्षा या विषयावर आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर नकाशे, चौक्या, तोफा येतात. या दोघांत मात्र बोलणं होतं ते भीतीबद्दल, अपमानाबद्दल. शेखसाहेबांनी पत्रकारांसमोर जे मांडलं त्याचा मथितार्थ असा होता, की तोडगा कोणताही निघो, त्यात भारताला किंवा पाकिस्तानला आपण हरलो असं वाटता कामा नये. भारतातली धर्मनिरपेक्षता आणि तिथले अल्पसंख्य त्याने डगमगता कामा नयेत. आणि काश्मिरी माणसाच्या मानेवरचं जोखड उतरलं पाहिजे. सेनापतीच्या हिशेबात हरण्याचं दुःख ही बाब सहसा धरलेली नसते. या माणसाने तिलाच पहिलं ठेवलं.

नेमका आराखडा काय, यावर दिल्लीतही एकमत नव्हतं. सार्वमत, फाळणी, दोघांचा संयुक्त ताबा, भारत-पाकिस्तान-काश्मीर यांचं महासंघासारखं काहीतरी, असे पर्याय मुत्सद्द्यांनी शेखसाहेबांबरोबर बसून चाळले होते. पुढे १९६७मध्ये अयूब खानांनी आत्मचरित्र लिहिलं, त्यात महासंघाच्या कल्पनेचा उल्लेख वेडगळ प्रस्ताव असा केला आणि आपण तो उडवून लावला असं नोंदवलं. लावला असेल. पण तो उडवून लावूनही ते एका गोष्टीला हो म्हणाले. जूनच्या मध्यावर दिल्लीला यायचं, नेहरूंशी समोरासमोर बोलायचं. २६ मेला ते जाहीरही झालं. पद नसलेल्या त्या माणसाने दोन दिवसांत एवढंच मिळवलं, एक तारीख. मला ते थोडं वाटत नाही.

याच मे महिन्यात आमचे देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून अमेरिकेत होते. १९६२च्या पराभवानंतर त्यांना मुंबईहून दिल्लीला बोलावून घेतलं होतं. सैन्य नव्याने उभं करायचं होतं, आणि त्यासाठी शस्त्रं, विमानं, कर्ज यांच्या वाटाघाटी चालू होत्या. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य ऐकत आमची पिढी मोठी झाली, आणि ते अभिमानाने म्हणावं असंच आहे. पण त्याच दिवसांत हिमालयाच्या कुशीतला एक माणूसही हिमालयाच्याच कामाला निघाला होता, हे त्या वाक्याबरोबर कुणी सांगितलं नाही. यशवंतराव वॉशिंग्टनमध्ये करत होते ते काम आवश्यक होतं; १९६५ने ते सिद्ध केलं. शेख अब्दुल्ला रावळपिंडीत करत होते ते काम पूर्णच झालं नाही, म्हणून ते आवश्यक होतं की नाही हे सिद्ध व्हायचं राहून गेलं. बंदूक तयार असणं आणि ती चालवायची वेळ येऊ नये म्हणून कुणीतरी चालत जाणं, या दोन्हींचा खर्च देशाने करायचा असतो. पहिल्याचा आकडा अंदाजपत्रकात येतो.

२७ मेला शेखसाहेब मुझफ्फराबादला गेले. रावळपिंडीहून मरीचे डोंगर चढून, कोहाल्याला झेलमला भेटून ती वाट जाते. नीलम आणि झेलम जिथे मिळतात तिथलं हे गाव. काश्मीरमध्ये नीलमला किशनगंगा म्हणतात. फाळणीआधी श्रीनगरहून बाहेर पडायचा सर्वांत सरळ रस्ता याच गावावरून होता. १९४७ला तो तुटला आणि त्यावरून पुन्हा बस धावली ती एप्रिल २००५मध्ये. ज्या वाटेने आलेल्या टोळ्यांना अडवायला त्यांनी श्रीनगर उभं केलं होतं, त्या वाटेच्या तोंडाशी ते १७ वर्षांनी पाहुणे म्हणून उभे होते. आणि तिथे बातमी आली. दुपारी दोनच्या सुमारास दिल्लीत नेहरू गेले.

ते ढसाढसा रडले असं सांगतात. तसेच माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी यमुनेकाठी चितेजवळ पोचले, चौथऱ्यावर चढले आणि रडत रडत त्यांनी चितेवर फुलं टाकली. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भुत्तो अंत्ययात्रेला आले होते. अमेरिकेत यशवंतरावांनाही बातमी परक्या मुलुखातच कळली. जून उगवला, मध्यावर आला, गेला.

पुढचं मला भराभर सांगून टाकावंसं वाटतं, कारण ते सांगताना जीव तुटतो. लाल बहादूर शास्त्री ऑक्टोबरमध्ये कैरोहून परतताना कराचीला थांबले आणि अयूब खानांना भेटले; त्या भेटीत तिसरा माणूस नव्हता. डिसेंबरात केंद्राच्या राजवटीची घटनेतली कलमं काश्मीरला लागू झाली. १९६५च्या सुरुवातीला शेख अब्दुल्ला हज यात्रेला म्हणून निघाले, वाटेत आणखी देशांत गेले, आणि मार्चच्या अखेरीस अल्जीयर्सला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांना भेटले. भारत आणि चीनमधलं रक्त अजून वाळलेलं नव्हतं. देशभर संताप उसळला. पासपोर्ट रद्द झाला. ८ मे रोजी ते पालमला उतरले आणि उतरताच त्यांना अटक झाली. पालमच. वर्षभरापूर्वी पंतप्रधानांचे पाहुणे म्हणून ते जिथे उतरले होते, तो विमानतळ.

त्या संतापाला मी सरसकट चूक म्हणणार नाही. ज्या घरातला जवान नेफात किंवा लडाखमध्ये गेला होता, त्या घराला चाऊ एन लायचं नावसुद्धा नको होतं, आणि शेखसाहेबांना हे कळायला हवं होतं. पण भेटीचा विषय पाहिला तर त्यात वेडेपणा दिसत नाही. मार्च १९६३मध्ये पाकिस्तानने चीनशी सीमाकरार करून काश्मीरचा उत्तरेकडचा मुलूख चीनच्या पदरात टाकला होता, आणि काश्मीरचा वाद मिटल्यावर हा करार पुन्हा चर्चेला येईल असं त्याच करारात लिहून ठेवलं होतं. काश्मीरच्या माणसाने त्या करारावर सही करणाऱ्या देशाच्या पंतप्रधानाला विचारावं असं त्यात बरंच होतं. शिवाय भेट चोरून झाली नव्हती.

रावळपिंडी आणि अल्जीयर्स. दोन्हीकडे माणूस तोच, काम तेच. सत्तेबाहेरचा एक नेता शेजारच्या देशाच्या प्रमुखासमोर बसतो आणि सीमेबद्दल बोलतो. दोन्ही वेळा खिशात कागद नव्हता. मग एकदा देशाने त्याला दूत का म्हटलं आणि एकदा फितूर का? मी जेवढा विचार करते तेवढं मला एकच कारण सापडतं. पहिल्या वेळी तीन मूर्तीत एक आजारी माणूस त्याची वाट पाहत होता, त्याच्या वतीने शिव्या खात होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून होता. दुसऱ्या वेळी ते घर रिकामं होतं. असा बोलणारा किती पुढे जाऊ शकतो हे त्याच्या धाडसावर ठरतच नाही. त्याच्या मागे सत्तेत बसलेलं कुणी पाय रोवून उभं आहे का, यावर ते ठरतं. शास्त्रीजी सज्जन होते, धीराचे होते, पण नेहरूंसारखं शेख अब्दुल्लांशी त्यांचं जुनं काही नव्हतं, भांडणसुद्धा नव्हतं.

शेख अब्दुल्लांना दक्षिणेत उटीला आणि मग कोडाईकॅनालला ठेवलं गेलं. ते तिथे असताना ऑगस्टमध्ये पाकिस्तानने खोऱ्यात घुसखोर पाठवले, सप्टेंबरात युद्ध पेटलं, आणि जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला अयूब खान आणि शास्त्री यांनी करारावर सह्या केल्या. रावळपिंडीत ज्यांच्यासमोर शेखसाहेब तासन्‌तास बसले होते, त्याच अयूब खानांनी हे घुसखोर धाडले. म्हणजे ते दोन दिवस फुकट गेले का? तसं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि घडलं ते त्यांच्या बाजूने आहे. तरी माझं मन त्यांच्याकडे जात नाही. नेहरू आणखी दोन-तीन महिने जगले असते तर काश्मीरचा प्रश्न सुटला असता, असं मला वाटत नाही. तो इतका सोपा कधीच नव्हता. पण भारत-पाकिस्तानमध्ये बोलणं करून देणाऱ्याला देशात काय जागा असते, हे त्या भेटीने ठरलं असतं. वाईट झाली असती भेट, नुसता चहा पिऊन अयूब खान परत गेले असते, तरी ठरलं असतं.

त्या न झालेल्या भेटीचा विचार करताना मला नेहरू आणि अयूब खान यांच्यापेक्षा तिसऱ्या खुर्चीचीच जास्त काळजी वाटते. जूनच्या मध्यावर तीन मूर्तीत बोलणी सुरू झाली असती, तर शेखसाहेबांना खोलीत बसवलं असतं की व्हरांड्यात? दोन देशांचे प्रमुख समोरासमोर आले की मधल्या माणसाची अडचण व्हायला लागते. त्याचं काम झालेलं असतं. अयूब खानांना ते खोलीत नको असते, दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना तर नकोच असते. आणि बाहेर बसवलं असतं तर त्या मानी माणसाने ते सोसलं असतं का? ११ वर्षं सोसून आलेल्या त्या मे महिन्यात, मला वाटतं, सोसलं असतं.